वापरलेली बीएमडब्ल्यू आणि दोन वर्षांची एक्सटेंडेड वॉरंटी : घ्यावी की नको?

शिरगावकर :

सर्व सदस्यांना नमस्कार. गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत माझे छोटे मशीन शॉप आहे आणि राहायला राजारामपुरीत आहे. आजवर साध्या डिझेल गाड्या वापरल्या. आता एक चांगली जर्मन गाडी घ्यावी असे घरात ठरले आहे. मात्र नव्या गाडीत साठ-सत्तर लाख रुपये अडकवणे धंद्याच्या दृष्टीने मला परवडणारे नाही, म्हणून वापरलेली गाडी शोधत आहे.

पुण्यातील एका डीलरकडे २०१९ च्या अखेरीस पासिंग झालेली बीएमडब्ल्यू ३२० डी पाहिली. एमएच १२ पासिंग, पहिला मालक, मीटरवर ६२,००० किलोमीटर, आणि सांगितलेली किंमत २६ लाख रुपये. कंपनीची वॉरंटी संपलेली आहे. डीलरचा आग्रह असा आहे की गाडीबरोबर दोन वर्षांची एक्सटेंडेड वॉरंटी घ्यावी, म्हणजे पुढची काळजी उरणार नाही. तिचे जीएसटी धरून १,१०,००० रुपये होतात. ही वॉरंटी बीएमडब्ल्यूची नसून वॉरंटी विकणाऱ्या एका स्वतंत्र कंपनीची आहे. दिलेल्या पत्रकावर इंजिन, गिअरबॉक्स आणि इलेक्ट्रिकल भाग समाविष्ट असल्याचे ठळक अक्षरांत छापले आहे. परंतु अटींची पूर्ण प्रत मागितली तेव्हा ती पैसे भरल्यानंतर ईमेलने येते असे उत्तर मिळाले.

माझे प्रश्न दोन आहेत. अशी वॉरंटी कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला प्रत्यक्षात किती उपयोगी पडते? आणि सहा वर्षे वापरलेली ही गाडी घेण्याआधी नेमके काय तपासून घ्यावे? विसार अजून दिलेला नाही.

उद्यमनगर_गॅरेज :

विसार दिला नाही हे फार चांगले केले. अटींची प्रत हातात आल्याशिवाय देऊही नका. अटी दाखवायच्या आधी पैसे मागणाऱ्याकडून काहीही घेऊ नये, मग ती वॉरंटी असो की दुसरे काही.

आमच्या गॅरेजमध्ये जर्मन गाड्यांचेच काम जास्त असते, म्हणून या गाडीबद्दल थोडे सविस्तर लिहितो. या ३२० डी मध्ये बी ४७ हे दोन लिटरचे डिझेल इंजिन आहे. याआधीच्या एन ४७ इंजिनाची टायमिंग चेन (इंजिनातील व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी) फार बदनाम झाली होती. त्या मानाने हे इंजिन पुष्कळ सुधारलेले आहे. तरीही चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सच्या अंगालाच आहे. त्यामुळे तिचे काम निघाले तर गिअरबॉक्स किंवा आख्खे इंजिन उतरवावे लागते आणि सुट्या भागांपेक्षा मजुरीच मोठी होते. म्हणून गाडी पाहायला जाताना इंजिन पूर्ण थंड असले पाहिजे. डीलरला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नये. पोहोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवून पाहा आणि मगच चावी द्यायला सांगा. थंड इंजिन सुरू होताना पहिल्या काही सेकंदांत मागच्या बाजूने खडखड ऐकू आली, तर ती गाडी तिथेच सोडावी असे माझे मत आहे.

गिअरबॉक्स झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा आहे आणि तो उत्तम आहे. त्यातले तेल आयुष्यभर चालते असे शोरूममध्ये सांगितले जाते. प्रत्यक्षात गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांनी तेल बदलावे असे सांगते. ६२,००० ला ते बदलले नसेल तर दोष नाही, पण पुढचा खर्च म्हणून तो धरून ठेवा.

मीटर मागे फिरवला आहे का, हे एका ठिकाणी पाहून कळत नाही. गाडीच्या वेगवेगळ्या कंट्रोल युनिटांत किलोमीटरची नोंद राहते, ती स्कॅनरवर एकमेकांशी ताडून पाहता येते. बीएमडब्ल्यूच्या चावीतही किलोमीटर साठवलेले असतात आणि अधिकृत सर्व्हिस सेंटर ते वाचू शकते. सतरा अंकाक्षरी चासी नंबर देऊन शोरूमची सर्व्हिस हिस्टरी मागवा आणि प्रत्येक सर्व्हिसच्या तारखेसमोरचे किलोमीटर चढत्या क्रमाने आहेत ना ते पाहा.

टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, त्यातले पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. ३४१९ म्हणजे २०१९ चा ३४ वा आठवडा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला की खाली शिवलेल्या पट्टीवर त्याची निर्मितीची तारीख दिसते. चारपैकी एकाच बेल्टची तारीख नंतरची असेल, तर त्या बाजूला अपघात झाला होता का हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

वॉरंटीबद्दल एकच विचारून घ्या : दोष शोधण्यासाठी इंजिन किंवा गिअरबॉक्स उघडावा लागला तर त्या उघडण्याची मजुरी कोण देणार? या एका प्रश्नावर अर्ध्याहून अधिक भांडणे होतात. उघडल्यावर दोष समाविष्ट नसल्याचे ठरले, तर उघडण्याचे आणि पुन्हा जोडण्याचे पैसे मालकालाच भरावे लागतात.

राजारामपुरी_नववी_गल्ली :

एक वेगळा मुद्दा मांडतो. आपला रोजचा प्रवास राजारामपुरी ते गोकुळ शिरगाव, म्हणजे जेमतेम दहा-बारा किलोमीटर. बीएस ६ डिझेल गाडीत धुरातील काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो आणि ती काजळी जाळून टाकण्यासाठी गाडी ठरावीक वेळ सलग वेगात चालावी लागते. फक्त शहरात फिरणाऱ्या गाडीत तो फिल्टर भरत राहतो. पेट्रोल गाडीचा विचार केला आहे का?

शिरगावकर :

मुद्दा रास्त आहे. पण कामासाठी जवळपास दर आठवड्याला पुण्याला किंवा मुंबईला जाणे होते, त्यामुळे महामार्गावरचे रनिंगच जास्त राहील. डिझेल पाहण्याचे कारण तेच आहे.

पंचगंगाकाठ :

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून काम करतो. या धाग्यावर एक गोष्ट स्पष्ट व्हावी असे वाटते, कारण माझ्याकडे येणारे कित्येक गाडीमालक ती गृहीत धरून बसलेले असतात. विमा आणि वॉरंटी यांची हद्द वेगळी आहे. बाहेरून काही घडले, म्हणजे अपघात, चोरी, आग, पूर, तर तो विम्याचा विषय. आतून काही बिघडले, म्हणजे एखादा भाग आपोआप निकामी झाला, तर तो वॉरंटीचा विषय. आणि झीज होऊन भाग संपला, तर तो दोन्हींचा विषय नाही. तो मालकाचा खर्च.

आपल्या गावात पुराचा विचार सोडून गाडीचा विचार करता येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क, रमणमळा या भागांत पाणी आले तेव्हा तळमजल्यावरच्या पार्किंगमधल्या गाड्यांचे काय झाले हे सर्वांनी पाहिले आहे. इंजिनात पाणी शिरून ते जाम झाले, तर कोणतीही एक्सटेंडेड वॉरंटी पैसे देणार नाही. साधा सर्वसमावेशक विमासुद्धा बहुतेक वेळा गाडी धुणे, तेल बदलणे, आतील साफसफाई एवढ्याच खर्चापाशी थांबतो आणि इंजिनाचे नुकसान बाजूला काढतो. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' हे वेगळे संरक्षण विम्यात जोडून घ्यावे लागते. ते घेतले असले तरी पाण्यातून काढलेली गाडी सुरू करून पाहू नये. सुरू करण्याच्या प्रयत्नातच कनेक्टिंग रॉड वाकतात आणि मग क्लेमवर वाद सुरू होतो. जर्मन गाडीच्या इंजिनाचा खर्च पाहता हे जोडसंरक्षण वॉरंटीच्या आधी घ्या, असे मी आग्रहाने सांगेन.

पाहिलेली गाडी २०१९ च्या अखेरची आहे, म्हणजे २०२१ चा पूर तिने पाहिलेला असू शकतो. एमएच १२ पासिंग आहे म्हणून ती पुण्यातच उभी होती असे समजू नका. पुढच्या सीटखाली मोबाईलचा दिवा टाकून सीटच्या रुळांवरचे बोल्ट पाहा. मागच्या डिकीतील गालिचा उचलून खालच्या खोलगट भागात बॅटरीभोवती गाळाची बारीक पूड आहे का ते बोट फिरवून पाहा. उद्यमनगरच्या सदस्यांनी सांगितल्याप्रमाणे सीटबेल्ट पूर्ण ओढाल तेव्हा तारखेबरोबर पट्ट्यावरचा रंगही पाहा. पाणी जिथपर्यंत चढले होते तिथे मळकट आडवी रेघ राहते आणि ती कितीही धुतली तरी पूर्ण जात नाही.

आधीच्या मालकाच्या विमा पॉलिसीची प्रतही मागा. तीत 'नो क्लेम बोनस', म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, किती टक्के आहे ते लिहिलेले असते. सलग पाच वर्षे क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांवर पोहोचतो. सहा वर्षांच्या गाडीवर तो शून्य किंवा २० टक्के दिसला, तर मधे क्लेम झालेला असण्याची शक्यता मोठी आहे आणि कशाचा झाला हे विचारायला हवे. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, त्यामुळे तो तुमच्याकडे येणार नाही. आणि काही मालक जुन्या गाडीचा बोनस नव्या गाडीवर आणतात, म्हणून एवढ्या एका आकड्यावर निष्कर्ष काढू नये.

गाडी नावावर झाल्यावर चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे नाव बदलण्यासाठी अर्ज करा. तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा भाग मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे नव्या मालकाकडे येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग नाव बदलल्याशिवाय उपयोगी पडत नाही.

कागलनाका :

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. गाडी महाराष्ट्रातलीच असल्यामुळे नंबर बदलावा लागणार नाही. फॉर्म २९ आणि ३० वर मालकी बदलेल. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. बोजा, मालकाचा क्रमांक आणि प्रलंबित चलने परिवहन विभागाच्या ऑनलाइन नोंदींत पाहता येतात, ती पाहा.

जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम लागू आहेत. डीलरकडे आरटीओचे अधिकारपत्र असावे लागते आणि आधीच्या मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९ सी वर द्यावी लागते. अशी नोंद झाली की डीलर त्या गाडीचा मानीव मालक ठरतो आणि गाडीच्या कागदांची जबाबदारी त्याच्यावर येते. आपल्या डीलरकडे हे अधिकारपत्र आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

दिल्लीची स्वस्त डिझेल गाडी कोणी सुचवली तर मात्र सावध राहा. राजधानी परिसरात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर आलेल्या बंधनांमुळे तिकडच्या गाड्या कमी किमतीत इकडे येतात. परराज्यातील गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर नवा नंबर घ्यावा लागतो, मूळ आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. तो कर किमतीत धरला की स्वस्ताई बरीच संपते. निपाणी-बेळगावकडून येणाऱ्या केए पासिंगच्या गाड्यांनाही हेच लागू आहे.

ताराबाईपार्क :

मी आणि माझे पती दोघेही डॉक्टर आहोत आणि वापरलेली ऑडी चालवतो. माझा अनुभव वॉरंटीच्या बाजूचा आहे, म्हणून तो लिहिणे मला आवश्यक वाटते.

आम्ही गाडी कंपनीच्याच प्रमाणित जुन्या गाड्यांच्या दालनातून घेतली आणि तिच्यावर उत्पादक कंपनीची स्वतःची वाढीव वॉरंटी होती. काही काळाने गिअर बदलताना धक्के बसू लागले, मग एकदा रिव्हर्स गिअर पडेनासा झाला. अधिकृत सर्व्हिस सेंटरने स्कॅन करून एस ट्रॉनिक गिअरबॉक्समधील मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर बदलण्याचे नियंत्रण करणारा भाग) निकामी झाल्याचे सांगितले. ते युनिट वॉरंटीत बदलून मिळाले. आम्हाला एक रुपयाही द्यावा लागला नाही आणि कोणाशी वादही घालावा लागला नाही, कारण दोष ठरवणारे, भाग पुरवणारे आणि पैसे देणारे एकाच छत्राखाली होते.

माझ्या दिरांचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. त्यांची वॉरंटी स्वतंत्र कंपनीची होती. टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा भाग) गेला तेव्हा गॅरेजने दोष सांगितला, वॉरंटी कंपनीने स्वतःचा तपासनीस पाठवायला वेळ लावला आणि गाडी तोवर गॅरेजमध्ये उभी राहिली. शेवटी मधली एक सर्व्हिस ठरलेल्या किलोमीटरपेक्षा उशिरा झाल्याचे कारण देऊन क्लेम नाकारला. सर्व्हिस उशिरा झाली ही गोष्ट खरी होती. पण टर्बो जाण्याचा तिच्याशी काय संबंध, हे त्यांना कोणीही समजावून सांगितले नाही. ज्या माणसाने इमानाने पैसे भरले त्याला निदान कारण तरी नीट सांगायला हवे होते, याचे मला अजूनही वाईट वाटते.

त्यामुळे माझे मत असे आहे की उत्पादक कंपनीची वॉरंटी मिळत असेल तर थोडी महाग पडली तरी घ्यावी. मिळत नसेल तर गाडीच दुसरी पाहावी. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी या तिघांचीही प्रमाणित जुन्या गाड्यांची व्यवस्था आहे. तिथे किंमत जास्त असते हे मान्य, पण आपल्यासारख्या पुण्यापासून सव्वादोनशे किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाला तो फरक देण्यासारखा आहे.

शिरगावकर :

सर्वांचे मनापासून आभार. अटी पाहिल्याशिवाय व्यवहार होणार नाही असे डीलरला स्पष्ट कळवले, तेव्हा अटींची प्रत आली. ती सगळी वाचली. महत्त्वाच्या अटी माझ्या शब्दांत देत आहे.

पहिल्या ३० दिवसांत किंवा १,००० किलोमीटरमध्ये कोणताही क्लेम नाही. एका क्लेमला कमाल १,५०,००० आणि दोन वर्षांत मिळून ३,००,००० रुपये. गाडीचे रनिंग ६०,००० च्या वर असेल तर सुट्या भागांच्या किमतीतील ३० टक्के वाटा मालकाचा. दुरुस्ती फक्त त्यांच्या यादीतील वर्कशॉपमध्ये, आणि माझ्या गाडीसाठी यादीत जी दोन नावे आहेत ती दोन्ही पुण्यातली आहेत. टोइंगचा खर्च ५० किलोमीटरपर्यंत. काजळी साचल्यामुळे बिघडलेले ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणारी यंत्रणा), डीपीएफ आणि टर्बो वगळलेले आहेत. सर्व सील, गॅस्केट, होज, बुश, बॅटरी आणि डॅशबोर्डवरील स्क्रीन वगळलेले आहे. दर १०,००० किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा, सर्व्हिस बंधनकारक आहे आणि मुभा फक्त ५०० किलोमीटरची आहे. दोष उघडून पाहण्याआधी लेखी परवानगी हवी. वाद झाल्यास कंपनीच्या गावातील लवाद.

पत्रकावर जे ठळक छापले होते आणि अटींत जे बारीक छापले आहे, त्यांत इतके अंतर असेल असे वाटले नव्हते.

उद्यमनगर_गॅरेज :

आता हिशोब करून पाहू, म्हणजे बोलणे हवेत राहणार नाही. समजा, गिअरबॉक्सच्या मेकॅट्रॉनिकचे काम निघाले आणि बिल अडीच लाख झाले. त्यात भाग १,८०,००० आणि मजुरी ७०,०००. भागांवरचा ३० टक्के वाटा म्हणजे ५४,००० तुमचे. उरले भागांचे १,२६,००० आणि मजुरीचे ७०,०००, मिळून १,९६,०००. पण एका क्लेमची मर्यादा दीड लाख, म्हणून मिळणार दीड लाखच. खिशातून गेले एक लाख, आणि वॉरंटीसाठी आधीच दिलेले १,१०,०००. म्हणजे क्लेम पूर्ण मंजूर झाला तरी अडीच लाखांच्या कामात तुमचे दोन लाख दहा हजार जातात आणि वाचतात चाळीस हजार. त्यातून बंद पडलेली गाडी फ्लॅटबेड ट्रकवर चढवून पुण्याला न्यायची आणि टोइंगचे पहिले पन्नास किलोमीटर सोडून बाकीचे पैसे द्यायचे. या गाड्यांना चाकांवर ओढत नेता येत नाही, हेही लक्षात घ्या.

दुसरे म्हणजे, आठ-दहा वर्षांच्या आत या डिझेल गाड्यांत आमच्याकडे प्रत्यक्षात जी कामे येतात ती बघा : ईजीआरमध्ये काजळी, इनटेकमध्ये काजळी, ऑइल फिल्टरच्या घराच्या गॅस्केटमधून गळती, कूलंटचे प्लॅस्टिकचे जोड तडकणे, पुढच्या कंट्रोल आर्मचे बुश. यातले जवळजवळ सगळे तुमच्या यादीत वगळलेले आहे. जे भाग क्वचित जातात ते समाविष्ट आणि जे नेहमी जातात ते बाहेर, अशी ही रचना आहे.

पंचगंगाकाठ :

हिशोब बरोबर आहे. फक्त एक जोडतो. दोन वर्षांत दोन मोठे क्लेम आले तर चित्र बदलते, आणि वॉरंटी घ्यायची ती अशाच वाईट काळासाठी. पण त्या वाईट काळातही कमाल रक्कम तीन लाखच आहे, हे ध्यानात ठेवून ठरवावे.

कसबा_बावडा :

मी वकिली करतो आणि ग्राहक आयोगातील प्रकरणे चालवतो. लवादाच्या अटीमुळे आपण घाबरू नये. तशी अट करारात असली तरी ग्राहक आयोगाकडे जाण्याचा हक्क संपत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे आपल्याला कोल्हापुरातच दाद मागता येईल. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून पाहावी. पुष्कळदा तेवढ्याने कंपनी बोलणी करायला तयार होते.

आपला व्यवसाय आहे म्हणून गाडी कोणाच्या नावावर घेणार हे आधी ठरवा. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार कायद्याच्या व्याख्येत ग्राहक ठरत नाही, आणि फर्मच्या नावाने गाडी घेतली की समोरचा वकील पहिला आक्षेप हाच घेतो. संचालकाच्या वापरासाठी कंपनीने घेतलेल्या आलिशान गाडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये कंपनीला ग्राहक मानले आहे, त्यामुळे बचाव करता येतो. पण कुटुंबाच्या वापराची गाडी स्वतःच्या नावावर घेतली तर हा वाद उद्भवतच नाही.

आणखी एक गोष्ट सदस्यांना माहीत असावी. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये चौदा कार कंपन्यांविरुद्ध आदेश देताना, बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करू नये असे म्हटले होते. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असा त्याचा रोख होता. प्रकरण पुढे न्यायालयांत गेले, त्यामुळे त्यावर विसंबून करार मोडू नये. सर्व्हिस वेळेवर करणे आणि प्रत्येक बिल जपून ठेवणे हाच पुढे आयोगासमोर उपयोगी पडणारा पुरावा असतो. ताराबाईपार्क ताईंच्या दिरांना अजून मुदत उरली असेल, तर क्लेम नाकारल्याचे कारण लेखी मागावे. सर्व्हिसचा उशीर आणि बिघाड यांचा संबंध दाखवण्याची जबाबदारी कंपनीची आहे, असे म्हणायला तिथे जागा आहे.

ताराबाईपार्क :

धन्यवाद. त्यांना आजच कळवते. मुदत अजून आहे.

शिरगावकर :

तपासणी करून आलो. उद्यमनगरचे सदस्य स्वतःचा स्कॅनर घेऊन बरोबर आले, त्यांचे ऋण मोठे आहेत. गाडी थंड होती आणि सुरू होताना आवाज स्वच्छ होता. सर्व युनिटांमधील किलोमीटर मीटरशी जुळले, शोरूमच्या हिस्टरीतील नोंदीही क्रमाने आहेत. पुराची कोणतीही खूण आढळली नाही. विम्यावर ५० टक्के बोनस आहे. डीलरकडे आरटीओचे अधिकारपत्र आहे आणि फॉर्म २९ सी ची नोंदही त्याने दाखवली.

दोष दोन निघाले. मागच्या डाव्या टायरच्या बाजूला फुगवटा आहे. सातारा ते कागल महामार्गाचे सहापदरीकरण सुरू असताना सेवा रस्त्यांवरचे खड्डे आपण सगळेच अनुभवतो आहोत, आणि या गाडीचे टायर रनफ्लॅट आहेत. हवा गेल्यावर ताशी ८० च्या वेगाने साधारण ८० किलोमीटर जाता येते हा त्यांचा फायदा; पण बाजू कडक असल्यामुळे खड्ड्याचा मार त्यांना सोसत नाही आणि गाडीत स्टेपनी नसते. चारही टायर २०१९ चेच असल्याने चारही बदलावे लागणार आहेत. दुसरा दोष म्हणजे ऑइल फिल्टरच्या घरापाशी तेलाचा ओलसरपणा. दोन्ही दोषांचे फोटो समोर ठेवून बोलणी केली आणि किंमत २४ लाख ६० हजारांवर ठरली.

वॉरंटी घेतली नाही. ताराबाईपार्क ताईंचे म्हणणे मला पटते आणि कंपनीच्या प्रमाणित दालनातही चौकशी केली. पण तिथे याच वर्षाच्या, याच मॉडेलच्या गाडीची किंमत माझ्या आवाक्याबाहेर होती. म्हणून वॉरंटीचे १,१०,००० आणि किमतीत सुटलेल्या रकमेतून टायरचा खर्च जाऊन जे उरेल ते, एवढी रक्कम गाडीच्या नावाने वेगळ्या मुदत ठेवीत ठेवत आहे. विम्यात इंजिन प्रोटेक्ट आणि टायरचे संरक्षण जोडून घेतले आहे. गाडी माझ्या स्वतःच्या नावावर होईल.

ताराबाईपार्क :

आपला निर्णय विचारपूर्वक झाला आहे, याबद्दल शंका नाही. तरीही माझे मत बदललेले नाही. ठेवीतील रक्कम एका मोठ्या दुरुस्तीत संपू शकते, आणि त्यानंतरचा दुसरा बिघाड पूर्णपणे अंगावर येतो. ज्यांच्याकडे तेवढी शिल्लक बाजूला ठेवण्याची सोय नाही, त्यांनी हा मार्ग धरू नये, एवढे नवे वाचणाऱ्यांसाठी नोंदवते.

उद्यमनगर_गॅरेज :

ताईंचे बरोबर आहे, म्हणूनच ठेवीला हात लावायची वेळ लांबवण्याचे काम आधी करू. गाडी ताब्यात आली की तेलगळतीचे गॅस्केट पहिल्याच आठवड्यात बदलून घ्या. तेच तेल इंजिनाच्या बेल्टवर उतरले तर बेल्ट सुटून इंजिनाच्या पुढच्या सीलमध्ये ओढला जाण्याचा धोका असतो, म्हणून ते काम पुढे ढकलू नये. इंजिन ऑइल कंपनीच्या लांब अंतराची वाट न पाहता दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला बदलू. गिअरबॉक्सचे तेल ८०,००० च्या सुमारास काढू. तेव्हा खालचे पॅनही बदलावे लागते, कारण फिल्टर त्याच पॅनमध्ये बसवलेला असतो. सुटा भाग आधी मागवून ठेवा, म्हणजे गाडी गॅरेजमध्ये अडकून पडणार नाही.

शिरगावकर :

गॅस्केटची ऑर्डर आजच देतो. गाडी ताब्यात आल्यावर थेट आपल्या गॅरेजमध्येच आणतो.